शिकवायला मागं राहिलेली पलटण

पलटणीतून सेंटरला बदली झाली की घरचे खूश होतात. बेळगाव म्हणजे गोळी नाही, बर्फ नाही, आणि बारामतीजवळच्या आमच्या कन्हेरीहून रात्री निघालं तर सकाळी पोचता येतं. पलटणीतले सोबती मात्र खांद्यावर हात ठेवून "सुटलास बाबा" म्हणतात आणि त्या बोलण्यात थोडा दुरावा असतो. माझी पलटण काश्मीरला जायच्या तयारीत होती तेव्हा मी हवालदार होतो, आणि मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरला उस्ताद, म्हणजे रंगरूटांना शिकवणारा, म्हणून जायचा माझा हुकूम आला. ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवलो ते पुढं निघाले आणि आपण मागं राहिलो, ही सल घेऊनच मी बेळगावात उतरलो.

ती सल कशी गेली हे सांगायचं तर एका पलटणीची हकिकत सांगावी लागेल. त्या नंबरानं ती पलटण आज कुठंच नाही. नंबर ११४.

पण आधी काम. उस्तादाचा दिवस रंगरूटाच्या आधी सुरू होतो आणि त्याच्यानंतर संपतो. पहाटे फॉलिन, पी.टी., मग ड्रिल, हत्यारांचा क्लास, दुपारी पुन्हा क्लास, संध्याकाळी खेळ, रात्री रोलकॉल. पोरं यायची माण-खटावची, इंदापूर-कर्जतची, कोकणातली, चंदगड-खानापूरची. आमच्याकडच्या जिरायती पट्ट्यातल्या पोरांना पहिला धक्का पावसाचा बसायचा. बारामतीत मोठा पाऊस म्हणजे गावभर चर्चेचा विषय. बेळगावात जून लागला की आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही. लाल माती बुटाला धरते, गणवेश वाळत नाही, ट्रंकेतल्या कपड्यांना बुरशीचा वास लागतो, आणि सकाळी तपासणीला सगळं कोरडं, इस्त्रीचं, चकचकीत पाहिजे. दिवसभर शेतात राबणारी तगडी पोरं या ओलीनं रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत. पळून दमण्याची त्यांना सवय होती. न वाळणाऱ्या मोज्यांची नव्हती.

म्हणून पहिले आठवडे बंदुकीचे नसतातच. बूट घालायचा कसा, टाचेला फोड आला तर काय करायचं, घोंगडीची घडी, मच्छरदाणीची दोरी, पाणी कधी आणि किती प्यायचं. बाहेरून बघणाऱ्याला हा छळ वाटतो. पण रात्री अंधारात, पावसात, न चाचपडता स्वतःची वस्तू ज्याला सापडते तोच पुढं डोंगरावर उपयोगाचा. पायाला फोड झालेला जवान एकटा मागं पडत नाही, त्याचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर जातं.

ड्रिलमध्ये दर तुकडीत एखादा असा निघतोच, की "तेज चल" म्हटलं की त्याचा उजवा हात उजव्या पायाबरोबर जातो. घरी, बाजारात, रानात तो नीट चालत असतो. मैदानात आला आणि सगळ्यांचे डोळे अंगावर पडले की हातपाय एका बाजूला पडतात. काही उस्ताद त्याच्यावर ओरडतात, मग तो आणखी बिघडतो. मला एका जुन्या सुभेदार साहेबांनी वेगळी रीत दाखवली. त्याला म्हणायचं, जा, त्या झाडाखालची माझी बाटली घेऊन ये. तो चालायला लागला, चार-सहा पावलं झाली, की मागून हाक द्यायची: "हेच! हेच चाल! थांबू नको!" बहुतेक पोरं तिथंच सुधारतात. शिकवण्याचं काम पुष्कळदा नवीन काही घालायचं नसतं. भीतीनं बिघडलेलं परत जागेवर आणायचं असतं. ही रीत त्या साहेबांना कोणी शिकवली, हे मी विचारलं होतं. "माझ्या उस्तादांनी," एवढंच ते म्हणाले.

या सगळ्याबरोबर माझ्याकडं रेजिमेंटच्या इतिहासाचे तास आले. रंगरूटाला हा इतिहास तोंडपाठ पाहिजे. १७६८ साली मुंबईत उभी राहिलेली पहिली पलटण, तिचं नाव जंगी पलटण. काळी पाचवी, तिनं १८४० मध्ये बलुचिस्तानात काहानचा किल्ला लढवला. घोषवाक्य, "कर्तव्य, मान, साहस". ४ फेब्रुवारीचा मराठा दिन, सिंहगड घेतला त्याची आठवण. "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" हा युद्धघोष, १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनच्या डोंगरावर दिलेला. दुपारच्या जेवणानंतरचा तास, सकाळपासून पळालेली पोरं, वर छताचा पंखा. सनावळ्या सांगत गेलं की निम्मा वर्ग डोळे उघडे ठेवून झोपतो. मी फळ्यावर पलटणींचे जुने-नवे नंबर लिहून द्यायचो: १०३ ची पहिली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, ११४ ची दहावी.

एका दुपारी मागच्या रांगेतून हात वर आला. "उस्ताद, पाचव्यानंतर एकदम दहावी कशी?"

चांगला प्रश्न होता. उत्तरासाठी मी सेंटरच्या लायब्ररीत बसलो, एज्युकेशनच्या साहेबांना विचारलं, रेजिमेंटचा जुना छापील इतिहास चाळला. उत्तर सापडलं ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये.

पहिल्या महायुद्धाच्या आधी हिंदी फौजेतली जवळजवळ प्रत्येक पायदळ पलटण म्हणजे एकेक स्वतंत्र रेजिमेंटच होती. आपले रंगरूट आपणच भरायचे, आपणच घडवायचे. पलटण लढाईला गेली की मागं एक लहानसा डेपो राहायचा. शांततेत हे चालून गेलं. मग जनरल टाउनशेंडची सहावी, म्हणजे पुण्याची डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठानं वर गेली, बगदादच्या अलीकडून तिला मागं फिरावं लागलं, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून ती कुत या गावात वेढली गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. उपासमार, शरणागती, आणि नंतर वाळवंटातून पायी चालवत नेलेले कैदी. त्यातले किती तरी परत आले नाहीत. हा भाग मी कधी गाळला नाही. विजयाच्या गोष्टी पोरांना आवडतात, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला शिपाई करायचं तर शिपायाच्या वाट्याला काय काय येऊ शकतं हे त्याला आपण सांगितलं पाहिजे.

त्या युद्धात आणखी एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. माणसं पडायची त्या वेगानं नवी माणसं घडवायची सोय कुणाकडंच नव्हती. लहान डेपो अपुरे पडले. अर्धवट शिकलेले रंगरूट आघाडीवर जाऊ लागले, एका पलटणीची माणसं दुसऱ्या अनोळखी पलटणीत भरली जाऊ लागली. म्हणून १९२२ मध्ये फौजेची मांडणी बदलली. पाच मराठा पलटणी एकत्र बांधून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली, आणि सहावी पलटण लढाईतून काढून फक्त शिकवायला बसवली. नव्या पलटणी उभ्या करायची वेळ आली तर त्यांना नंबर असावेत म्हणून मधली जागा मोकळी ठेवली आणि शिकवणारीला दहावा नंबर दिला. तिचं ठाणं बेळगाव. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, पुढं तिथं छावणी बसली होती, हवा थंड होती, आणि कोकण, देश, कर्नाटक तिन्हीकडून पोरांना यायला जवळ होतं.

आणि ती सहावी पलटण म्हणजे ११४.

ऑक्टोबर १९१८ मध्ये मोसुलच्या दक्षिणेला टायग्रिसकाठी शरकतची लढाई झाली. ३० ऑक्टोबरला तिथल्या तुर्की सेनापतीनं हत्यारं खाली ठेवली, आणि त्याच दिवशी मुद्रोसला तुर्कांशी युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या. मेसोपोटेमियातली ही शेवटची मोठी झुंज. त्या एका लढाईत ११४ व्या मराठा पलटणीनं शौर्याची २८ पदकं मिळवली. एका पलटणीनं, एका झुंजीत. चार वर्षांनी याच पलटणीकडून लढायचं काम काढून घेतलं, तिचा नंबर गेला, आणि बेळगावच्या मैदानात पोरांना पाऊल टाकायला शिकवायचं काम तिच्याकडं आलं.

सरकारी कागदात कारण काहीही असो. मी ज्या दिवशी हे नीट वाचलं त्या संध्याकाळी मैदानाकडं वेगळ्या नजरेनं बघितलं. सेंटरमध्ये शरकतचं युद्धस्मारक आहे. त्यापुढून रोज जात होतो, सलामी देत होतो. ते लढाईचं स्मारक आहे एवढंच आतापर्यंत डोक्यात होतं. हे उस्तादांच्या पलटणीचं स्मारक आहे, हे तेव्हा कळलं. शरकतला लढलेला शिपाई १९२२ नंतर बेळगावात रंगरूटांसमोर उभा राहिला असेल, तेव्हा त्याच्या छातीवरचं पदक बघून ती पोरं किती ताठ झाली असतील! ज्याला सगळ्यात चांगलं येतं त्याला शिकवायला ठेवायचं, ही गोष्ट मला पटली, आणि पटली ती आजतागायत.

पुढच्या तासाला मी त्या पोराला उत्तर दिलं. वर्ग झोपला नाही.

नंतर माझी इतिहास शिकवायची पद्धतच बदलली. सनावळी सोडली नाही, पण लढाई मैदानात नेली. नाईक यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातले, माणगावकडचे. १० जुलै १९४४, इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर मशीनगनचा मारा आला. त्यांच्याखेरीज सेक्शनमधले सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले, ग्रेनेडनं मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, आणखी एकाला गोळी घातली, आणि मग मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं लोळवलं. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथंच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही गोष्ट मी सांगायचो हत्यारांच्या क्लासमध्ये, मॅगझिन बदलायच्या कवायतीला. रिकामं मॅगझिन काढ, भरलेलं घाल, कॉक कर. डोळे समोर, हाताकडं बघायचं नाही. पोरं शंभरदा तेच करून कंटाळतात. घाडग्यांची गोष्ट ऐकल्यावर कंटाळा जायचा, कारण तो एक सेकंद कशाचा आहे ते कळायचं. त्याच वर्गात मी एवढंही म्हणायचो, की घाडग्यांसारखा पराक्रम मी तुम्हाला शिकवू शकत नाही, तो कोणीच शिकवू शकत नाही. मी तुम्हाला मॅगझिन बदलायला शिकवू शकतो.

शिपाई नामदेव जाधवांची गोष्ट पी.टी.च्या मैदानात. ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनियो नदी. त्यांनी एका जखमी सोबत्याला उचलून खोल पाण्यातून, चढ चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढलं, मग दुसऱ्या जखमीसाठी परत गेले, आणि त्यानंतर एकट्यानं मशीनगनच्या जागा मोडल्या. आमच्याकडं एकमेकाला खांद्यावर घेऊन पळायची कवायत असते. ती करताना दोन पोरं हसतात, एक दुसऱ्याला मुद्दाम जड होतो. जाधवांचं नाव घेतलं की हसणं थांबायचं. शंभर मीटरवर दम लागलेल्या पोराला कळायचं, की पाण्यातून आणि चढावरून हेच करायचं म्हणजे काय.

एक तास मी मुद्दाम वेगळा ठेवायचो. बेळगावनं फक्त एकच रेजिमेंट घडवलेली नाही. महार समाजातले लोक शिवाजी महाराजांच्या काळापासून हत्यार धरणारे, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत तर मोठ्या संख्येनं होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी लढवय्या जातींचं खूळ काढलं आणि त्यांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर मोडली. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि त्यांनी ही मागणी लावून धरली. १ ऑक्टोबर १९४१ ला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती बेळगावात. ज्यांचा हक्क काढून घेतला होता ते याच गावात पुन्हा रांगेत उभे राहिले. माझ्या वर्गात सगळ्या समाजांची पोरं असायची. या तासाला मी कुणाकडंही विशेष बघायचो नाही, पण तास संपल्यावर एखादा थांबायचा, पुन्हा तारीख विचारून वहीत लिहून घ्यायचा.

स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली तसे त्यांचे शिपाईही आले. कोल्हापूर दरबारच्या राजाराम रायफल्सची १९ मराठा झाली, बडोद्याच्या फौजेतून २० मराठा, हैदराबादच्या फौजेतून २२ मराठा. काल वेगवेगळ्या राजांचं मीठ खाल्लेले लोक आज एका निशाणाखाली. संस्थानी फौजांचा इतिहास आपल्याकडं फारसा कुणी सांगत नाही. दरबारी थाटाच्या पलीकडं त्यांच्यात खरी शिस्त होती, नाहीतर त्या पलटणी पुढं टिकल्या नसत्या. यावर कुणी तरी नीट काम करायला पाहिजे, कोल्हापुरात तर नक्कीच.

माझी पहिली तुकडी पास आऊट झाली, कसम परेड झाली, पोरं वेगवेगळ्या पलटणींत गेली. काही माझ्याच पलटणीत गेली, काश्मीरला. थोड्या महिन्यांनी तिकडून एका सोबत्याचा फोन आला. बर्फ, रस्ते, घरची चौकशी असं बोलून झालं, आणि ठेवता ठेवता तो म्हणाला, "पोरं चांगली आलीत. रात्रीच्या गस्तीला सांगावं लागत नाही." बदलीची जी काही सल उरली होती ती त्या एका वाक्यानं गेली. मी तिथं नव्हतो, पण माझ्या हातची पोरं तिथं होती.

आता निवृत्त होऊन कन्हेरीत आहे. आमच्या गावचा मारुती लोकांना माहीत आहे तो निवडणूक प्रचाराच्या सुरुवातीला त्याच्यापुढं फुटणाऱ्या नारळामुळं. पहाटे मात्र देवळापासून वनखात्याच्या हद्दीकडं जाणाऱ्या रस्त्यावर भरतीची पोरं-पोरी पळत असतात. बारामती-इंदापूर पट्ट्यात हे चित्र गावोगाव आहे. ऊस सगळ्यांना पुरत नाही आणि एम.आय.डी.सी.तली नोकरी कायम नसते. मुलांना सगळे आकडे पाठ असतात: सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत आले तर ६० गुण, दहा पुल-अप्सचे ४०, नऊ फुटांची चर, झिगझॅग. मी त्यांना पळायला शिकवतो, दम राखायला, टाच कशी टेकवायची ते. फी घेत नाही. रविवारी पळणं झाल्यावर पाऊण तास इतिहास असतो. सुरुवातीला दोन-तीनच थांबायचे. आता बरेच थांबतात, मुली जास्त थांबतात, आणि प्रश्नही त्याच जास्त विचारतात.

त्यांच्याशी बोलताना एक विचार मला सोडत नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. पहिले अग्निवीर २०२३ च्या सुरुवातीला सेंटरांमध्ये दाखल झाले, ३१ आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन त्याच ऑगस्टमध्ये पास आऊट झाले. चार वर्षांची नोकरी, आणि शेवटी जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम. योजना चांगली की वाईट यावर चावडीवर रोज वाद होतो. माझी काळजी वेगळी आहे. उस्ताद चार वर्षांत तयार होत नाही. मी सेंटरला गेलो तेव्हा बर्फात राहिलो होतो, गस्त घातली होती, सेक्शन सांभाळला होता, सोबती गमावले होते. बाटली आणायला पाठवून चाल सुधारायची रीत कुठल्याच पुस्तकात नाही. ती एका उस्तादाकडून दुसऱ्याकडं आली, आणि असं यायला दोघांनी वर्षानुवर्षं फौजेत राहावं लागतं.

कायम होणाऱ्या त्या चौथ्या हिश्श्यातूनच उद्याचे नाईक, हवालदार आणि उस्ताद होणार. संख्या कमी, पलटणीला प्रत्येक चांगला माणूस पाहिजे, मग कमांडरला साहजिकच वाटणार की चांगला गडी आपल्याकडंच ठेवावा आणि उरलेल्यातला सेंटरला द्यावा. ते होऊ देऊ नये. कायम झालेल्यांपैकी सगळ्यात चांगल्यांना काही वर्षं बेळगावला पाठवायचंच, आणि तिथला काळ बढतीत पलटणीतल्या काळाइतकाच मोजायचा, असा पक्का नियम पाहिजे. १९२२ मध्ये शरकतची पलटण शिकवायला बसवली, ती फौज आजच्यापेक्षा श्रीमंत नव्हती आणि माणसंही तिच्याकडं जास्त नव्हती.

आमच्या पट्ट्यातली काही मुलं त्या पहिल्या तुकड्यांत आहेत. त्यातला एक मागच्या सुट्टीत घरी आला होता. कायम व्हायची त्याला आशा आहे. मी त्याला विचारलं, कायम झालास तर काय करणार? त्यानं आधी कमांडो कोर्सचं नाव घेतलं. मग थोडं थांबून म्हणाला, "काका, ड्रिलचा कोर्स मिळाला तर तोही करीन. आमच्या उस्तादांना चौदा वर्षं झालीत नोकरीला. ते पेन्शनीत गेल्यावर कोण?" मी त्याला दोन्ही कोर्सची तयारी लिहून दिली, आणि ड्रिलचा अर्ज आधी दे म्हणून सांगितलं.